डावा हात

परवा दुपारी सर मध्येच थांबले आणि म्हणाले, "काकू, डावा हात काय करतोय तो?"

सर म्हणजे तेवीस वर्षांचा मुलगा. माझ्या मुलीहून लहान. तो मला काकू म्हणतो, मी त्याला अहो सर म्हणते, आणि हाक मारताना दोघंही जरा अडखळतो. मी खाली पाहिलं. उजवा हात गंधार शोधत होता आणि डावा मांडीशेजारी हवेतच पुढेमागे, पुढेमागे चालला होता. चटकन ओढणीखाली घेतला.

कीबोर्ड घेताना सगळ्याचा विचार केला होता, डाव्या हाताचा तेवढा राहिला.

विचार म्हणजे तरी काय, दोन महिने व्हिडिओ बघणं. एकसष्टाव्या वर्षी एकसष्ट पट्ट्यांचाच घ्यायचा, एवढं मात्र पक्कं केलं होतं. पण दुकानात पाऊल ठेवलं आणि धीर सुटला. "नातीसाठी हवाय," असं सांगून मोकळी झाले. मला नात नाही.

"कितवीत आहे?"

"पाचवीत."

"मग हा बघा," म्हणत त्यांनी बारक्या पट्ट्यांचं एक खेळणं पुढे केलं. माझं एक बोट दोन पट्ट्यांवर.

"नको, तिचे हात मोठे आहेत. आणि टच असलेला हवाय तिला." दुकानदारांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. भला माणूस.

टचचं मला फार अप्रूप. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा. पट्टीखाली दोन संपर्क असतात म्हणे. एक आधी जुळतो, दुसरा मागून, आणि मधला वेळ मोजून आवाज किती काढायचा ते आतल्या आत ठरतं. म्हणजे जोर कोणी मोजतच नाही, घाई मोजतात. माझी बोटं आताशा कशाचीच घाई करत नाहीत. त्यामुळे मी काहीही वाजवलं तरी अंगाई होते. रात्री हेडफोन लावून बसते, मला सूर ऐकू येतात आणि नवऱ्याला नुसती पट्ट्यांची खटखट. "टायपिंगची परीक्षा कधी आहे?" असं विचारून झालंय.

तर डावा हात.

मामाकडे पेटी होती. मामा मिरजेचा. तंबोरे-सतारींच्या त्या गावात पेटीवर जीव लावणारा, म्हणजे जरा पडत्या बाजूचाच. दर गुरुवारी त्याच्याकडे दत्ताचं भजन. पट्ट्यांना आम्हा पोरांनी हात लावायचा नाही, हा कायदा. पण रंगात आला की मामाला दोन्ही हातांनी वाजवायची हौस यायची, आणि मग भाता मारायला कोणीतरी लागे. ते कोणीतरी म्हणजे मी. पेटीच्या पलीकडे, मामाच्या समोर मांडी घालून बसायचं आणि डाव्या हाताने भाता. "श्वास घेतेस तसा मार. धाप लागल्यासारखा नको." मी धाप लागल्यासारखाच मारायची, आणि पेटी उचकी द्यायची.

त्यामुळे झालं काय, की पेटी मी मागून पाहिलेली आहे. भात्याच्या घड्या, त्याला चिकटवलेलं चामडं, पितळी कडी, एका कोपऱ्यात लावलेलं कापडी ठिगळ, हे अजून डोळ्यांपुढे आहे. पट्ट्या पांढऱ्या होत्या की पिवळट, सांगता येणार नाही. दिसायचा तो मामाचा चेहरा. भजन संपलं की कडी लागायची, वर मामीनं भरलेलं मरून कापड यायचं, आणि पेटी पुढच्या गुरुवारपर्यंत देवघरातल्या वस्तूसारखी होऊन जायची.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी केली ती १९७१ साली कुठे जराशी सैल झाली. पेटीत मींड नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि सुरांमधल्या आपल्या बारीक श्रुती नाहीत, असा आक्षेप. मला कळायला लागलं तेव्हा बंदी सैल झालेली होती, पण मामाचा राग नव्हता झाला. रेडिओवर कोणाचं गाणं लागलं की तो पेटी ओढायचा, पट्टी जुळवायचा आणि साथीला बसायचा. गाणाऱ्याला हे ऐकू जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. भात्यावर मी.

माझ्या कीबोर्डवर तीन ट्युनिंग फोर्कची खूण आहे. १८८७ साली जपानात हामामात्सू गावच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन तोराकुसु यामाहा नावाच्या माणसानं दुरुस्त केला, तिथून ही कंपनी निघाली. तो ऑर्गन म्हणजे आपली पायपेटीच की. मामाला हे सांगायला हवं होतं. मींडेसाठी तर यात डाव्या बाजूला एक चाकच दिलंय. मी फिरवून पाहिलं, एसटी घाटात गिअर बदलते तसा सूर आला. पुन्हा फिरवलं नाही.

सरांना यातलं काही सांगितलं नाही. "सवय आहे," एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, "डाव्या हाताने सध्या नुसता कॉर्ड धरा, काकू. तीन बोटं ठेवायची आणि हलवायची नाहीत." तीन बोटं मी ठेवते. मनगट हलतंच.

काल संध्याकाळी वाजवत असताना लाइट गेली. सूर मध्येच तुटला. कीबोर्ड विजेवर चालतो हे डोक्याला लगेच कळलं. हाताला नाही. अंधारात तो आपला पुढेमागे, पुढेमागे, चांगला जोर लावून.

यात मोठे सेलही बसतात. सहा लागतात. आणायला हवेत.