तीच कॉर्ड, वेगळं सॉकेट

"कॉर्ड डुप्लिकेट निघाली असावी," काका फोनवर म्हणाले. अँप्लिफायरला जाड, विणलेल्या आवरणाची पॉवर कॉर्ड लावली आणि स्पीकरमधली घरघर पार गेली होती. आवाज मोकळा झाला होता, गायकाने श्वास घेतलेलाही ऐकू यायला लागला होता. मग काही महिन्यांनी तीच घरघर परत आली आणि जोडीला मधूनच चरचर. कॉर्ड तीच, अँप तोच, स्पीकरही तेच.

मी ऑडिओ दुरुस्तीचं काम करतो. पॉवर कॉर्डने आवाज बदलतो का, हा वाद आमच्याकडे रोजचाच. एक गट म्हणतो कानांवर विश्वास ठेवा, दुसरा म्हणतो सगळे मनाचे खेळ. मला यातलं कुठलंच उत्तर पुरत नाही. काकांना फरक दोनदा ऐकू आला होता, घरघर जाताना आणि परत येताना, आणि दोन्ही वेळा घरातल्या इतरांनाही तो जाणवला होता. म्हणजे काहीतरी खरोखर बदललं होतं. नेमकं काय, ते शोधायला मी गेलो.

गेल्यावर आधी अँपच्या इनपुटमधल्या आरसीए केबल, म्हणजे कॉम्प्युटरमधून गाण्याचा सिग्नल अँपमध्ये आणणाऱ्या केबल, उपसल्या. घरघर बंद. परत लावल्या, पुन्हा सुरू. कॉम्प्युटर बटणावरून बंद केला तरी ती चालूच राहिली. मात्र त्याचा प्लग काढला तशी थांबली. एवढ्यावर निदान जवळजवळ झालंच होतं. अर्थ लूप, म्हणजे अर्थिंगच्या वायरींचं बंद वर्तुळ.

कॉम्प्युटर आणि अँप, दोघांचेही प्लग तीन पिनांचे. कॉम्प्युटर खोलीच्या एका बाजूला, टेबलाजवळच्या सॉकेटवर. अँप समोरच्या भिंतीला, कपाटामागच्या सॉकेटवर. दोन्ही सॉकेटना अर्थिंग होतं, पण दोन वेगळ्या वायरिंगमधून आलेलं, त्यामुळे दोन्ही अर्थ अगदी सारख्या व्होल्टेजला नव्हते. दोन्ही उपकरणं आरसीए केबलने जोडली की केबलची बाहेरची जाळी त्या दोन अर्थांमधला पूल होते आणि तिच्यातून थोडासा करंट वाहायला लागतो. आरसीएमध्ये हीच जाळी सिग्नलचा परतीचा रस्ताही असते. त्यामुळे जाळीवर पडणारं व्होल्टेज अँपला सिग्नलचाच भाग वाटतं आणि तो ते इमानदारीने मोठं करून स्पीकरला देतो. हे व्होल्टेज फार मोठं असावं लागत नाही. अशा इनपुटला साधारण 2 व्होल्टचा सिग्नल येतो. त्यात 2 मिलिव्होल्टची घरघर मिसळली तर ती 60 डेसिबल खाली असते, आणि शांत खोलीत, संथ आलाप चालू असताना, 60 डेसिबल खालची घरघर सहज कानावर येते.

मग कॉर्ड बदलल्यावर ती गेली कशी? मी विचारलं, "नवी कॉर्ड आणली तेव्हा प्लग कुठे लावला होता?" काकांना आठवेना. मुलगी म्हणाली, "बाबा, ती वाकतच नव्हती ना! कपाटामागे जाईना, म्हणून आपण टेबलाच्या बोर्डावर लावली होती." पुढे भिंती रंगवायच्या वेळी कपाट सरकवलं, मागे जागा झाली, आणि प्लग पुन्हा कपाटामागच्या सॉकेटवर गेला.

सगळा उलगडा त्या न वाकणाऱ्या कॉर्डमध्ये होता. तिच्या जाडीमुळे अँप आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आले होते. दोघांचा अर्थ एकाच पट्टीवर आला आणि लूप हातभर उरला. काकांनी ऐकलेला फरक शंभर टक्के खरा होता. त्याचं श्रेय मात्र चुकीच्या वस्तूला गेलं होतं. असं मी वारंवार पाहतो. कॉर्ड बदलताना माणूस प्लग उपसतो, दुसरीकडे खोचतो, मागच्या केबल हलवतो, गंजलेला आरसीए कनेक्टर नकळत फिरवून साफ करतो. बदल चार झालेले असतात, लक्षात एकच राहतो.

काकांना हे पटलं, पण अर्धंच. "घरघरीचं मान्य. पण कॉर्डने आवाजही उघडला होता." रास्त शंका होती, म्हणून मी म्हटलं, ऐकूनच ठरवू. जुनी साधी कॉर्ड शोधून आणली. दोन्ही कॉर्ड आलटूनपालटून टेबलाच्याच बोर्डावर लावायच्या, व्हॉल्यूमला कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. काका पाठमोरे बसले. कॉर्ड बदलायची की नुसती काढून तीच परत लावायची, हे मुलगी नाणं उडवून ठरवत होती आणि मी लिहून घेत होतो. अशा चाचणीत आकड्यांनी फसायला वेळ लागत नाही. दहापैकी सात किंवा जास्त उत्तरं नुसत्या अंदाजानेही साधारण सहांत एकदा बरोबर येतात. नऊ किंवा दहा मात्र शंभरात जेमतेम एकदा. काका चाचपडायला लागले. एकदा ठामपणे "ही जाड" म्हणाले तेव्हा साधी लावलेली होती. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "नाही सांगता येत."

कॉर्ड बदलताना मध्ये वेळ जातो आणि कान तेवढ्यात विसरतो, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून त्याच पद्धतीने, तेवढाच वेळ लावून, कॉर्ड न बदलता सॉकेट बदललं. काकांनी एकदाही चुकीचं उत्तर दिलं नाही. साध्या कॉर्डवरही नाही.

मला यात नवल वाटलं नाही, कारण अँपच्या आत काय चालतं ते रोज उघडून बघतो. भिंतीतून आलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून जाते, रेक्टिफायर तिला एकाच दिशेची करतो, मग ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. स्पीकरला जाणारा करंट या साठ्यातून निघतो. शेवटच्या दोन मीटर तांब्याची जात या साठ्यापर्यंत पोचत नाही. 1.5 चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर कॉर्डचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.05 ओहम भरतो. भिंतीतली 2.5 चौरस मिलिमीटरची वीस मीटर वायर धरली तर तिचा 0.28 च्या आसपास, म्हणजे कॉर्डच्या पाचपटींहून जास्त. ती वायर तशीच ठेवून शेवटचा तुकडा सोन्याचा केला तरी हिशेब हलत नाही. मोठ्या अँपला फार बारीक कॉर्ड लावू नये, आणि पॉवर कॉर्ड सिग्नलच्या केबलला चिकटवून समांतर नेऊ नये. कॉर्डबद्दल मी एवढंच सांगतो.

चरचर अजून बाकी होती. ती कधी येते विचारल्यावर मुलगी लगेच म्हणाली, "इस्त्री लावली की." इस्त्रीचं सॉकेट कपाटामागच्या सॉकेटच्या पुढे, त्याच लाइनवर होतं. एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली आणि कपाटामागचं सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या टर्मिनलमध्ये दोन वायरी होत्या, एक येणारी, एक पुढे इस्त्रीकडे जाणारी. स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला तर तो जवळपास दोन फेरे फिरला. वायरीचं इन्सुलेशन बोटाच्या पेरभर तपकिरी होऊन कडक झालेलं, हात लावताच त्याचा पापुद्रा निघाला. तांबं काळं पडलेलं. इस्त्रीचा सगळा करंट या सैल जागेतून जात होता. तिथे बारीक ठिणग्या पडत होत्या आणि त्यांचाच गोंगाट चरचर होऊन स्पीकरमध्ये येत होता.

हे बघून मला खरी भीती वाटली. आवाजाची तक्रार नसती तर ते सॉकेट कपाटामागे, लाकडाला लागून, तसंच तापत राहिलं असतं. काकांना कोणीतरी आणखी एक उपाय सुचवला होता: अँपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका, घरघर थांबेल. थांबली असती, खरंच. पण आत एखादी वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर करंटला अर्थचा रस्ता मिळाला नसता आणि पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून तो गेला असता. घरघर कितीही छळू दे, अर्थ पिनेला हात लावायचा नाही. दूरची दोन उपकरणं जोडणं भागच असेल तर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. तो लूप तोडतो आणि अर्थिंग शाबूत राहतं.

जळकी टोकं कापली, नवं सॉकेट बसवलं, वायरी आवळून ओढून पाहिल्या. अँप आणि कॉम्प्युटर दोन्ही टेबलाच्या बोर्डावर आणले. जाड कॉर्ड काकांनी काढली नाही, मीही काढा म्हणालो नाही. ती सुरक्षित होती आणि त्यांना आवडत होती. त्या लाइनवरची उरलेली सॉकेटं मात्र उघडून बघितल्याशिवाय निघायचं नाही असं ठरवलं. इस्त्रीच्या सॉकेटमध्ये फेजचा स्क्रूही सैल निघाला.