आवाज कवा येतोय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळच्या वेळी एखाद्या गॅरेजसमोर जरा उभं राहून बघा. इस्त्रीचे कपडे घातलेली, एरवी ऑफिसात तोलून मापून बोलणारी माणसं मिस्त्रीपुढं तोंडानं ‘किर्र... किर्र... चक’ करत असतात. कुणी हातानं ताल धरतो, कुणी डोळे मिटून सूर लावतो. मला यात काही कमीपणा वाटत नाही. गाडीचा आवाज सांगायची दुसरी सोय आहे कुठं?

माझ्या गाडीनं किर्रकिर्र सुरू केली तेव्हा सल्ले धडाधड आले. शेजारचे काका म्हणाले, वॉटर पंप. मेव्हण्यानं टायमिंग चेनचं नाव घेतलं आणि लगेच खर्चाचा आकडाही सांगितला. दुसऱ्याच्या खर्चाचा आकडा सांगताना मेव्हण्यांचा चेहरा फार खुलतो. बॉनेट उघडून मी कान लावला, तर आवाज डावीकडूनही येत होता, उजवीकडूनही, आणि मध्येच चक्क बॅटरीतून. लोखंडाच्या पोटात काही राहत नाही. एका कोपऱ्यातल्या बेअरिंगची कुरकुर ब्रॅकेटमधून, ब्लॉकमधून फिरत भलतीकडंच ऐकू येते.

मिस्त्रींनी बॉनेटकडं बघितलंसुद्धा नाही. “कुठनं येतोय ते ऱ्हाऊ दे सायेब. कवा येतोय ते सांगा.”

मग उलटतपासणी. थंड गाडीला येतो आणि तापल्यावर जातो? तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल. धातू तापून फुगला की फट मिटते. क्लच दाबल्यावर येतो? रिलीज बेअरिंग. दाबल्यावर जातो? मग गिअरबॉक्स. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट? ती इंजिनाची नव्हेच, पुढच्या एक्सलच्या जॉइंटची. पन्हाळ्याच्या चढाला वरच्या गिअरात रेटल्यावर खडखड? नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटतंय.

माझा आवाज उभ्या गाडीतही यायचा, रेस केली की चढायचा, एसी लावला की आणखी. मिस्त्रींनी अल्टरनेटर, पंप, एसी फिरवणारा बाहेरचा बेल्टच उतरवला आणि गाडी सुरू केली. किर्र गायब! काही सेकंदांत बंदही केली, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. टायमिंग चेन तर बेल्टशिवायही फिरतच होती. म्हणजे ती निर्दोष सुटली, मेव्हणाही सुटला. मग त्यांनी एकेक पुली हातानं फिरवली. अल्टरनेटर गुळगुळीत, पंपही. बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या आयडलर पुलीत मात्र वाळू भरल्यासारखी खरखर. खात्रीसाठी बेल्ट परत चढवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या बोल्टवर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. मलाही ऐकवलं. एवढी शिवीगाळ मी लोखंडाकडून कधी ऐकली नव्हती.

हे कान या गावात नवे नाहीत. इथल्या फाउंड्रीत बीडाचं कास्टिंग हातोडीनं वाजवून बघतात. चांगलं असलं तर खणखणतं, चीर गेलेली असली तर बद्द वाजतं.

नवी पुली बसली, किर्र थांबली. तिच्याखाली दबलेली एक बारीक टिकटिक आता मला ऐकू यायला लागली. मी लगेच तोंड उघडून टिकटिक करायच्या बेतात होतो.

“टॅपेट हाय ते, वॉल्व्हला ढकलणारं,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “इंजिनाच्या निम्म्या चालीवर वाजतंय बघा. त्याला हलवणारा कॅमशाफ्ट निम्म्यानंच फिरतोय न्हवं? एवढी तर पायजेच. ती बंद पडली की मग या माझ्याकडं.”