उकड ओळखीची निघाली

सिंगापुरातल्या एका चिनी हॉटेलात टेबलाभोवती आम्ही चौघी आणि ट्रेमध्ये चहाचे कप मात्र तीन. कप कसले, हळदीकुंकवाच्या करंड्यातल्या वाट्याच त्या, पांढऱ्या आणि पातळ. आणणारी विसरली असं समजून मी तिला हाक मारणार, तेवढ्यात ताईने माझं मनगट धरलं. "मागू नकोस. तीनच असतात."

समोर बसलेल्या आंटींनी मुठीत मावेल एवढी मातीची किटली उचलली. तिन्ही कप एकमेकांना खेटून ठेवलेले होते. त्यांनी एकेक कप भरला नाही. किटलीची धार तिन्हींवरून न थांबता गोल फिरवत राहिल्या आणि शेवटी किटली उभी धरून उरलेले थेंब एक इकडे, एक तिकडे असे वाटून टाकले. पहिल्या फेरीला म्हणतात 'क्वान कुंग नगरात गस्त घालतो', शेवटच्या थेंबांना म्हणतात 'हान शिन सैनिक मोजतो'. दोघंही जुन्या काळचे चिनी सेनापती. सुरुवातीची धार फिकी असते, शेवटची कडक. फिरवत ओतलं की तिन्ही कपांत चहा सारखा उतरतो. माणसं कितीही असली तरी कप तीनच. पहिले तिघं पितात, कप गरम पाण्याने विसळतात, मग दुसरी खेप उरलेल्यांची. ओतणारा सगळ्यांच्या मागून पितो. चहा उलाँग होता. पहिल्या घोटाला आवळ्यासारखा तुरट लागला आणि मागून आवळ्यासारखाच गोड झाला.

ताई गेली पंधरा वर्षं सिंगापुरात, तोआ पायोमध्ये राहते. आंटी तिच्या समोरच्या दारातल्या, वय अठ्ठ्याहत्तर. गणपतीत ताई त्यांच्याकडे मोदक पाठवते, त्यांच्या सणाला त्यांच्याकडून वाफवलेल्या कुएंची, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या खाऊची, ताटली येते. या वेळी मी सुट्टीला आले तेव्हा आंटींनीच आमंत्रण दिलं: बहीण आली आहे ना, मग तिला आमच्या लोकांच्या जेवणाला नेऊया. सोबत त्यांची नात आली, कॉलेजात शिकणारी.

'आमचे लोक' म्हणजे तिओच्यू. चीनच्या ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला चाओझोऊ आणि शांतोऊ ही शहरं आहेत, हा त्यांचा मुलूख. शांतोऊचं जुनं नाव स्वातो. १८६० मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि तिथून जहाजं भरभरून माणसं दक्षिणेकडे निघाली. त्याआधीही येत होतीच. अठराव्या शतकात सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, गादीवर बसलेल्या ताकसिन राजाचे वडील तिओच्यू होते. सिंगापुरात या लोकांनी मिरीची आणि गांबियेची लागवड केली. गांबिये म्हणजे आपल्या काथासारखी वस्तू, विड्यात चालते आणि कातडी कमावायलाही. त्या धंद्यातले मोठे व्यापारी सिआह इउ चिन यांनी पुढाकार घेऊन १८४५ मध्ये 'ङी आन कोंग्सी' ही तिओच्यूंची संस्था काढली, ती आजही चालू आहे. आज सिंगापूरच्या चिनी समाजात फुजियान प्रांतातून आलेल्या होक्कियन लोकांच्या खालोखाल हेच.

आदल्या दिवशी ताईने मला फिलिप स्ट्रीटवरचं त्यांचं देऊळ दाखवलं होतं. चहूकडून काचेच्या उंच इमारती आणि मध्ये हे बसकं देऊळ, छपरावर चिनी मातीच्या तुकड्यांची सगळी मिरवणूक मांडलेली. एके काळी समुद्र याच्या जवळ होता. खलाशी उतरले की आधी इथे येऊन समुद्राच्या माझू देवीपुढे उदबत्ती लावायचे. अंगणात दोरीसारख्या वळ्यांच्या उदबत्त्या टांगल्या होत्या आणि त्यांची राख हळूहळू गळत होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या गावातून आलेल्या बाईला हे देऊळ परकं कसं वाटेल?

आता जेवण. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मीही गोंधळले होते. डिमसम मुळात तिओच्यूंचं नाही, कँटनचं, म्हणजे ग्वांगझोऊकडचं. सकाळी चहाबरोबर खायचे लहान लहान पदार्थ, म्हणून त्या खाण्याला 'याम छा' म्हणजे 'चहा पिणं' असंच नाव. कँटनही त्याच प्रांतातलं, तेव्हा तिओच्यू हॉटेलांनीही दुपारी डिमसम ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे यादीत दोन्ही कुळं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि अनोळखी माणूस नेमका कँटनच्याच पदार्थांवर खुणा करून उठतो. आम्ही गेलो होतो तो डिमसमचा बुफे होता, पण ताट घेऊन रांगेत उभं राहायचा प्रकार नाही. टेबलावर कागदाची यादी आणि पेन्सिल असते, हवं त्यापुढे आकडा लिहायचा, गरम गरम टोपल्या येत राहतात. वेळ नव्वद मिनिटं. टाकलेल्या अन्नाचे पैसे वेगळे. यादीवरच्या किमतीपुढे जे 'प्लस प्लस' असतं, त्यातला एक प्लस दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि दुसरा नऊ टक्के जीएसटी. बसल्या बसल्या समोर आलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल फुकट नसतात, नको असतील तर लगेच परत करावेत.

मी मासे, कोंबडी, बदक खाते, डुकराचं मांस खात नाही. ताईने हे आंटींना आधीच सांगितलं होतं आणि आंटींनी पेन्सिल माझ्या हातात येऊच दिली नाही.

पहिल्या आल्या त्या हार गाव, कोळंबीच्या वाफवलेल्या पुरचुंड्या. बांबूच्या टोपलीचं झाकण उघडलं, वाफ गेली आणि पांढऱ्या पारीतून आतला गुलाबी रंग दिसला. पारी अशी आरपार दिसते कारण ती तांदळाची नसते, गव्हाच्या सत्त्वाची असते. कुरडयांचा चीक शिजत आला की जसा काचेसारखा होतो, तेच. चांगल्या हार गावला निदान सात चुण्या हव्यात असं म्हणतात. मी मोजल्या, आठ होत्या. पण गर्दीच्या वेळी टोपल्या ओट्यावर थांबून राहिल्या असाव्यात, चारांपैकी दोन खालच्या कागदाला चिकटून फाटल्या आणि आतला रस गळून गेला. मला वाईट वाटलं. त्या चुण्या कुणीतरी हाताने घातल्या होत्या. बुफेत हे होतं, म्हणून एका वेळी दोनच टोपल्या मागवाव्यात आणि आल्या की लगेच खाव्यात.

मग आंटींनी यादी उलटी केली. मागच्या बाजूला खाली सातआठ ओळींचा छोटा रकाना होता. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आमचं इथे आहे."

त्या रकान्यातलं सगळं आलं. पापलेट दर टेबलाला एकदाच, तसं लिहिलंच होतं. अख्खं पापलेट वाफवलेलं, वर टोमॅटो, आलं, टोफू, खारवलेली मोहरीची पानं आणि खारवलेले आंबट प्लम. मसाला नाही, तिखट नाही. आमच्याकडे कोकणात पापलेटाला आमसूल आणि तिखट लावल्याशिवाय हात लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं. पण काट्याजवळचं मांस तोंडात गेलं आणि कळलं की मासा ताजा असला तर आंबटाचा एवढा एक स्पर्श त्याला पुरतो. हे लोकही समुद्राकाठचे आहेत, शिळा मासा यांना झाकायचाच नाही. कालवांचं ऑम्लेट आलं, रताळ्याच्या पिठाने कडेला कुरकुरीत आणि मध्ये चिकट, बुडवायला माशाचं खारं पाणी. आमच्याकडे कालवं खडकावरून फोडून आणतात ती बायकांची पिढी आता थकली. तो खारट वास इतक्या लांब भेटला आणि मी क्षणभर गप्प झाले.

बदकाच्या ताटलीने मला घरीच नेलं. सोया सॉसमध्ये तासन् तास मंद शिजवलेलं बदक. त्या रश्शात दालचिनी, चक्रीफूल, लवंग आणि कोळिंजन असतं. कोळिंजन हा तिओच्यूंचा खास मसाला, आंटी त्याला निळं आलं म्हणतात. हॉटेलात शिरताना मला जो वास आला होता आणि कशाचा ते आठवत नव्हतं, तो हा होता: गोडा मसाला भाजताना चक्रीफूल फुलतं तेव्हाचा. चाओझोऊला हा पदार्थ हंसाचा करतात, सिंगापुरात बदकाचा. बदकाबरोबर मिरची-लसणाचं व्हिनेगर वेगळं आलं. प्रत्येक पदार्थाची चटणी ठरलेली, एकीची दुसऱ्याला लावली की आंटी हळूच वाटी सरकवून बदलायच्या.

आणि मग सून कुए आला.

अर्धचंद्रासारखा, करंजीच्या आकाराचा, तेलाने चकाकणारा. 'सून' म्हणजे बांबूचे कोंब, पण आता आत बहुतेक एक कंद असतो, त्याचा कीस आणि सुकी कोळंबी. मी चॉपस्टिकने पारीचा तुकडा तोडला, दाबला आणि ताईकडे बघितलं. ताई हसत होती, कारण तिला हे पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. ही उकड होती. तांदळाच्या पिठावर उकळतं पाणी ओतून, झाकून, गरम असतानाच मळलेली. तशीच चिवट, तशीच दातांना किंचित अडणारी. फरक एवढाच की हे लोक पारी फाटू नये म्हणून थोडं टॅपिओकाचं पीठ घालतात. "पाणी उकळतं नसलं तर?" मी विचारलं. "पारी तडकते," आंटी म्हणाल्या. मोदकांच्या दिवशी आईने शंभरदा ऐकवलेलं वाक्य मी असं परक्या देशात ऐकत होते.

तसाच गुलाबी पंग कुए. लाकडी साच्यात दाबून पीचच्या आकाराचा केलेला, कारण पीच हे दीर्घायुष्याचं फळ. आत चिकट भाताचं सारण, त्यात शेंगदाणे आणि मशरूम. हे पूर्वजांच्या ताटात ठेवतात, मग घरचे खातात. म्हणजे नैवेद्यच. मला विचाराल तर तिओच्यू हॉटेलात जाऊन हार गाव, सिउ माय असल्या कँटनच्या पदार्थांवर पोट भरणं म्हणजे मालवणात जाऊन पनीर मागवण्यासारखं आहे. आधी त्या मागच्या रकान्यातलं खा.

हे कुए घ्यायचे ठरले तेव्हाची एक गोष्ट राहिली. आंटींनी तरुण वेट्रेसला तिओच्यूमध्ये काहीतरी विचारलं, सारणात डुक्कर आहे का, असं. ती गोंधळून नातीकडे बघू लागली. नातीलाही नीट कळलं नव्हतं. १९७९ मध्ये सिंगापूर सरकारने मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोला अशी मोहीम सुरू केली, पुढे शाळा इंग्रजीची आणि त्यात चिनी शिकवायची ती मँडरिन, टीव्हीवरची चिनीही मँडरिन. नात आजीशी मँडरिन आणि इंग्रजी मिसळून बोलते. आजीच्या भाषेतले तिला पदार्थ तेवढे येतात: सून कुए, पंग कुए, कूचाय कुए. ही नावं मँडरिनमध्ये कुणी म्हणतच नाही. इतक्यात पलीकडचं टेबल पुसणारी एक वयस्क बाई पुढे आली आणि तिने तिओच्यूमध्ये उत्तर दिलं. दोघी पाच मिनिटं बोलत राहिल्या. कुठल्या गावचे, वडील कुठल्या जहाजाने आले. बाई गेल्यावर आंटी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "काकी नांग." नातीने अर्थ सांगितला: काकी म्हणजे स्वतःचं, नांग म्हणजे माणूस. ताई म्हणाली, "आपलं माणूस." याहून नेमकं भाषांतर मला सुचत नाही. नात मात्र त्यानंतर बराच वेळ फोन बाजूला ठेवून आजीला एकेका पदार्थाचं नाव विचारत होती.

शेवटी ओर नी. अळूचा मोठा कंद वाफवून, कुटून, साखर घालून शिऱ्यासारखा परतत राहायचा, वर गिंकोच्या बिया. जुन्या पद्धतीत तो डुकराच्या चरबीत परततात. इथे तळलेल्या छोट्या कांद्याच्या तेलात करतात, हे आंटींनी त्या बाईकडून पक्कं करून घेतलं आणि मगच वाटी माझ्यापुढे आली. मऊ, जांभळट, जिभेवर न अडकता उतरणारं. नव्वद मिनिटं संपत आली होती, पण ते घाईने खाता येत नाही.

दोन दिवसांनी सकाळी आंटींनी दार वाजवलं. त्यांच्या ओट्यावर परातीत उकड झाकून ठेवली होती, बाजूला परतलेलं सारण. मला लाटणं दिलं. मी घेतलं नाही, हाताला तेल लावून अंगठ्याने पारी करायला लागले, आणि त्या आपलं काम थांबवून बघत राहिल्या. त्यांनी वीस केले तोवर माझे पाच झाले. टोपलीत ठेवताना त्यांनी माझे पाच मुद्दाम मधोमध ठेवले. वाफेतून निघाल्यावर ते लगेच ओळखू येत होते. सगळे कुए आडवे पहुडले होते, माझ्या पाचांना मुखऱ्या होत्या आणि वर शेंडी.