पाठ फिरवलेला डॅशबोर्ड

“ही गाडी माझ्याशी बोलतच नाहीये!” बीएमडब्ल्यूत शेजारच्या सीटवर बसल्या बसल्या बायको म्हणाली.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ आज जुन्या गाड्या बघायला गेलो होतो. ही फाइव्ह सिरीज, १९८८ साली आलेलं ई ३४ मॉडेल. डॅशबोर्डचा मधला भाग चक्क ड्रायव्हरकडे कललेला. रेडिओ, एसी, सगळी बटणं त्याच्या हाताशी. मी खूश! शेजारच्याच्या वाट्याला नुसती कड.

पलीकडे मर्सिडीज डब्ल्यू १२४. डॅशबोर्ड सरळ, दोघांकडे सारखाच बघणारा. तेवढ्यात पाऊस भुरभुरला आणि मालकाने वायपर लावला. एकच वायपर! पण कोपऱ्याकडे वळला की लांब होतो, मधोमध आखडतो, परत लांब होतो. पंगतीत वाढणारी बाई कडेच्या पानापर्यंत हात पुरवते ना, अगदी तसा. पाच मिनिटं तेच बघत उभा होतो.

(१९९५ मध्ये हीच मर्सिडीज पुण्यात बनायला लागली. आम्ही पोरं रस्त्यात थांबून बघायचो, पण हा वायपर कधी दिसलाच नाही.)

चालवायला मला अजूनही बीएमच हवी.

घरी येताना बायकोने आमच्याच गाडीचा स्क्रीन निरखून पाहिला. “हा कोणाकडे बघतोय रे?”