बाहा रोड ट्रिप, दिवस चौथा: काताविन्या ते सान इग्नासियो

आजचा पल्ला साधारण पावणेचारशे किलोमीटर, सगळा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातल्या हायवे १ वर. टाकी कालच एल रोसारियोला काठोकाठ भरली होती. तिथून गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. काताविन्यात रस्त्याकडेला कॅनमधून पेट्रोल विकतात, पण त्यावर विसंबून निघू नका.

तंबू दवाने भिजलेला, तो वाळवून गुंडाळेपर्यंत ऊन चढलं. त्यात गेरेरो नेग्रोच्या वेशीवर, २८व्या अक्षांशावर, राज्य बदलतं आणि हिवाळ्यात घड्याळही एक तास पुढे जातं. (उन्हाळ्यात दोन्हीकडे वेळ एकच.) हे माहीत असूनही मी जेवणाचा हिशेब जुन्याच वेळेने केला. 'कोमिदा कोरिदा', म्हणजे सूप, भात, एक पदार्थ आणि पेय असं ठरलेलं दुपारचं ताट, चारच्या आत गाठावं लागतं. सान इग्नासियोला पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

झावळ्यांनी शाकारलेली छोटी खाणावळ, चारच टेबलं. मावशींनी रिकामं पातेलं तिरकं करून दाखवलं. मग आमच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, बसा.

मी अंडी खातो, मांस नाही. इथे फक्त 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'सिन मान्तेका' हेही विचारा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. परतलेल्या घेवड्यात ती असते, या भागातल्या मैद्याच्या तोर्तियांतही बहुतेकदा असते. मावशींनी लपवाछपवी केली नाही. तयार घेवडा बाजूला सारला, दुसऱ्या भांड्यातला नुसता मिठावर उकडलेला वाढला. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची घालून अंडी परतली. वर डोंगरातल्या वाड्यांवरचं बकरीच्या दुधाचं चीज कुस्करलं.

आणि मक्याच्या तोर्तिया! मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, साल सुटली की धुऊन दळतात. त्या चुन्यानेच पिठाला चिकटपणा येतो. आपली मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात, तशा ह्या फाटत नाहीत. मावशी तव्यावरची तोर्तिया बोटांनीच उलटत होत्या. दुसऱ्यांदा उलटून मधोमध हलकेच दाबली की ती टम्म फुगायची, अगदी आपल्या फुलक्यासारखी. लगेच फडक्यात गुंडाळून टोपलीत. मी सहा खाल्ल्या.

प्यायला 'आग्वा दे हामाइका'. पहिला घोट घेतला आणि बायको म्हणाली, "अरे, ही तर अंबाडी!" खरंच, लाल अंबाडीच्या बोंडांचंच सरबत. आजोळी परसात अंबाडी होती, त्यामुळे ती बराच वेळ तो पेला हातात धरून बसली होती.

निघताना पैसे रोखच दिले. सुटे पेसो जवळ ठेवा, अशा ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही.

चौकातलं मिशन, म्हणजे जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मप्रसारकांचं ठाणं, १७२८ सालचं, आताची दगडी इमारत नंतरची. खजुराची झाडं जेझुइटांनी आणलेली. त्यांच्याच सावलीत, पाण्याकाठी आज तंबू ठोकलाय. स्टोव्ह डब्यातून काढलाच नाही. उद्या मुलेहेमार्गे बाहिया कोन्सेप्सियोन. किनाऱ्यावर वाळू आहे, टायरमधली हवा कमी करायची आहे, आणि जेवणाचा थांबा या वेळी नव्या घड्याळाने एक वाजता.