डावऱ्याची गिटार आणि चहाचं पाणी

लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी त्यावर हलकीच चापट मारायची. जेवायला, नमस्कार करायला, प्रसाद घ्यायला मी निमूट उजव्यावर आलो. गिटारच्या बाबतीत मात्र काही केल्या आलो नाही.

डावऱ्या माणसानं गिटार घ्यायला जाणं म्हणजे काय, हे उजव्यांना सांगून कळत नाही. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच दुकानांत मला एकच उत्तर मिळालंय, "तारा उलट्या लावून देतो की! हेंड्रिक्स नाही का उलटी वाजवायचा?" अहो, तो जगप्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्स होता. मी डोंबिवलीहून ८:०४ची लोकल पकडणारा माणूस. शिवाय तारा नुसत्या उलटवून भागत नाही. मानेच्या टोकाला जी पट्टी असते, तिच्यातल्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खरखरते. स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, उलटी धरली तर तिचे आवाजाचे नॉब ऐन वाजवायच्या हाताखाली येतात. जोरात वाजवलं की आवाज आपोआप कमी. बावीस वर्षं मी ऑनलाइन मागवलेल्या एकाच काळ्या गिटारवर काढली. काळी, कारण डावऱ्यांसाठी तेवढाच रंग होता.

२०२४मध्ये ऑफिसनं दोन आठवड्यांसाठी टोकियोला पाठवलं. पहिल्याच शनिवारी ओचानोमिझू गाठलं. या नावाचा अर्थ 'चहाचं पाणी'. जुन्या एदो काळात इथल्या झऱ्याचं पाणी शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, चहासाठी जायचं म्हणे. आता स्टेशनातून बाहेर पडून मेइजी विद्यापीठाच्या दिशेनं उतार उतरायला लागलं की दोन्ही बाजूंना गिटारच गिटार. दादरला फुलांच्या गल्लीत शिरल्यावर कुठं बघू नि कुठं नको होतं, तसं झालं. साडेदहाला पोचलो तर शटर बंद, दुकानं अकराला उघडतात. समोर कॉफी पीत बसलो, परीक्षेच्या आधी बसतात तसा.

पहिल्या दुकानात 'लेफ्टी' म्हणालो, तर पोराला कळेना. मोबाइलवर डाव्यासाठीचा शब्द शोधून 'हिदारी' म्हटलं आणि डावा हात हवेत झाडून दाखवला. त्याचा चेहरा उजळला. "आ, रेफुती!" म्हणत तो मला जिन्यानं वर घेऊन गेला. वर एक अख्खी भिंत. सगळ्या गिटारींच्या माना माझ्या बाजूला. मी तिथं किती वेळ नुसता उभा राहिलो, सांगता येणार नाही.

उतरवून मागितली ती जपानी बनावटीची जुनी फेंडर स्ट्रॅट, क्रीम रंगाची. पोरानं आधी कापड अंथरलं, गिटार आडवी ठेवली आणि एकेक तार शांतपणे सुरात लावली. स्वतः उजवा असल्यामुळे खुंट्यांपाशी दोनदा चुकला, स्वतःशीच हसला. मग अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणून वायर जोडली आणि दोन्ही हातांनी गिटार माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला पोटावर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. म्हणजे आधीचाही कोणी डावराच. त्यानं ती का विकली असेल, हा विचार तेव्हा डोक्यात आला तो अजून गेलेला नाही.

७८,००० येन. पासपोर्ट दाखवल्यावर १० टक्के कर वजा होऊन ७१ हजारांच्या आत आली, म्हणजे आपले साधारण ३९,०००. आता हिशेब सुरू. तेव्हा परतताना ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता यायचं, वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. उरले ११,०००. एवढ्यात गिटारचा आवाज बदलणारं एक पेडल बसत होतं, दोन नाही. दोन हातांत दोन पेडलं धरून काचेपुढे अर्धा तास काढला. शेवटी बॉस कंपनीचं पिवळं एसडी-१ घेतलं, जपानमध्ये बनायचं त्या काळातलं. मनाशी म्हटलं, पेडल पायानं दाबायचं, त्याला कुठला आलाय डावा-उजवा!

चूक. पेडलमध्ये वायर शिरते उजवीकडून आणि निघते डावीकडून. उजव्या माणसाच्या गिटारची वायर उजव्या अंगाला लोंबते, त्यांना सोयीचं. माझी डाव्या अंगाला, त्यामुळे ती दोन्ही पायांसमोरून पलीकडे न्यावी लागते. पहिल्याच सरावाला अडखळलो.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. विमानासाठी तारा सैल करायचं लक्षात होतं, कस्टमच्या पावत्या लक्षात होत्या. पेडलसोबत खोक्यात आलेला जुना अॅडॅप्टर मात्र न वाचताच घरी स्विचमध्ये खोचला. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. आधी गुणगुणला, मग जळक्या वार्निशचा वास आणि एक बारीक धुराची रेघ. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं बाई, काय जाळलंस?" नशीब, पेडलची वायर अजून जोडली नव्हती. सध्या ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतंय.

गेल्या रविवारी बँडमधला मित्र घरी आला. बावीस वर्षं माझ्या 'उलट्या' वाजवण्यावर हसत आलेला. स्ट्रॅट बघून हरखला, मांडीवर घेतली, डाव्या हातानं मान शोधायला गेला तर तिथं गिटारचं पोट. इकडून धरून बघितली, तिकडून धरून बघितली. "ही उलटी आहे रे," म्हणाला. त्याला चाचपडू दिलं आणि मी चहाचं पाणी ठेवायला उठलो.