सूज एकाच पायाला होती

सातव्या महिन्यात माझा डावा पाय सुजला. घोट्यापुरता नाही, पार मांडीपर्यंत. जांघेत आणि कमरेत असा ठणका, की कूस बदलताना जीव जायचा. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीला सूज यायचीच गं, पाय उशीवर ठेव." जवळच्या दवाखान्यातही तेच ऐकलं. नणंद नर्स आहे. तिने टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, फरक २ सेंटिमीटरच्या वर निघाला. "वहिनी, उद्या नको, आत्ताच मिरजेला चला."

डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पायाच्या शिरा मोकळ्या दिसल्या. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर तिथे थांबले नाहीत, म्हणून मी आज हे लिहितेय. ओटीपोटातली शीर डॉपलरला नीट दिसत नाही म्हणून त्यांनी एमआरआय केला, आणि रक्ताची गुठळी तिथेच सापडली. डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेवरून उजव्या पायाकडे जाणारी धमनी जाते. ती शीर आधीच दबलेली, त्यात गर्भाशयाचा भार, आणि गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर रात्र बघायची नाही, लगेच यायचं, हे त्यांनी ह्यांनाही बजावलं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

रक्त गोठू न देणारं इंजेक्शन पोटावर घ्यायचं म्हटल्यावर मला रडूच फुटलं. बाळाला लागेल का, औषध पोहोचेल का? डॉक्टर म्हणाले, हेपॅरिन वार (प्लॅसेंटा) ओलांडत नाही; त्याच कामाची वॉरफॅरिनची गोळी ओलांडते, म्हणून ती आता नको. सकाळ-संध्याकाळ एनॉक्झापॅरिन, म्हणजे हेपॅरिनचाच एक प्रकार, वजनाप्रमाणे. पोटाच्या कडेची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही, नंतर चोळायचं नाही. आधी हे द्यायचे, पुढे मीच शिकले. पोटावर काळेनिळे डाग पडायचे, पण आत बाळ लाथा मारायचं.

कमरेत भूल द्यावी लागली तर अडचण नको म्हणून प्रसूतीची तारीख ठरवून २४ तास आधी इंजेक्शन थांबवलं. मुलगी झाली, आणि काही तासांनी ते पुन्हा सुरू. बाळंतपणानंतरही निदान ६ आठवडे घ्यावंच लागतं, कारण तेव्हा धोका आणखी वाढतो. अंगावर पाजायला त्याची आडकाठी नाही.

माहेरी आईचा आग्रह, सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही. नणंदेने फोनवर तिला समजावलं, चालणं हेच औषध आहे. मग आईच माझा हात धरून अंगणात फेऱ्या मारायला लागली. पुढच्या खेपेला इंजेक्शन सुरुवातीपासून आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या कधीच नाहीत, असं डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलंय.